चुलीमागची काळी भिंत

पोशेऱ्याजवळच्या पाड्यावरची जान्याची झोपडी परवा दुपारपर्यंत उभी होती, एवढं मोखाड्याच्या मास्तरांनी पत्रानं कळवलं आहे. छपराविषयी त्यांनी काही लिहिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात मी तिकडे गेलो तो त्यांच्याच बोलावण्यावरून. जव्हारला मुक्काम करावा, सकाळच्या एसटीनं मोखाडा गाठावा आणि पुढे चालावं. पाणी जवळ ठेवावं. वैशाखात विहिरींचा तळ दिसतो.

वाटेत मास्तरांनी हकिगत सांगितली. जान्या लग्नगडी. लग्नासाठी शेठकडून उचल घेतली, त्यापायी नवराबायको दोघंही त्याच्या शेतावर बांधली गेली. जव्हार संस्थान विलीन होण्याच्या कितीतरी आधीपासून ती तिथल्याच झोपडीत राहतात. आता शेठ म्हणतो, ही माणसं गेल्या वर्षी आली. महालकरी साहेब झोपडी बघायला येणार आहेत. ती जुनी ठरली तर घराखालची जागा जान्याला मिळण्याची आशा. नाहीतर ऐन पावसाच्या तोंडावर दोघं बाहेर.

पोहोचलो तर जान्याची बायको बुधी भिंत उपटायला बसली होती. साहेब येणार म्हणून! तीन भिंती नव्या कारवीच्या काड्यांच्या, ताज्या सारवलेल्या. छपराचं गवतही एका बाजूनं उतरवलेलं. चुलीमागची एकच जुनी भिंत उरली होती, धुरानं डांबरासारखी काळी.

"अगं, थांब!" मास्तर ओरडले. "तीच तर साक्ष आहे. एवढा धूर एका वर्षात बसतो का?"

"काळी भित दावायची सायबाला? तुमच्या घरी पावना आला तं तुमी काय करता, मास्तर?"

जान्या हसला. "मी नको म्हनलो, तं म्हनं, तुला आळस." मग भिंतीतली एक काडी बोटानं दाबून मला म्हणाला, "कारवी सात वर्सांनी फुलते, दादा. ही दोन फुलोऱ्यांमागची."

बुधी तिथंच बसून राहिली. "या भितीआड राबून हाडं झिजली. तीच राखू? जागा मिळंल त्या दिशी पयली हीच जाळीन."

मग तिनं नाचणीची भाकरी पुढे केली. पैसे कोणी घेत नाही. जाणाऱ्यानं गूळ न्यावा.

घरी परतून चार दिवस झाले. दुपारी आभाळ भरलं की मी दारात जाऊन उभा राहतो. वळवाची एक सर पुरे, काजळी आणि माती दोन्ही वाहून जातील. निघताना बुधीनं भातलावणीत पाऊस अडवायची दोन्ही इरली काढून त्या भिंतीला टेकवली होती. ती पुरतील का, कोण जाणे.

बुधवारी महालकरी साहेब येणार आहेत.