बारा तारखेपर्यंतचे नवरदेव

चंद्रप्रभा मोहरील यांना लोकांचे बिघडलेले प्रोग्रॅम दुरुस्त करण्यात जेवढा आनंद मिळायचा, त्याहून अंमळ जास्त आनंद ते लिहिणाऱ्याला चार माणसांत खिंडीत गाठण्यात मिळायचा. त्यांनी हे कधी कबूल केलं नाही. पण लखनौच्या इंदिरा नगरातल्या प्रत्येक मराठी घराला ते ठाऊक होतं.

माहेर वर्ध्याचं. नवरा हरिहर रेल्वेत इंजिनिअर. त्याच्या बदलीबरोबर त्या लखनौला आल्या, कॉलेजात शिकलेलं प्रोग्रॅमिंग घेऊन. इथल्या दुकानांना, दवाखान्यांना, शिकवण्यांना छोटे छोटे प्रोग्रॅम लिहून देता देता छप्पन्न वर्षांच्या झाल्या. दरम्यान जग इंटरनेटवर गेलं, तशा त्याही तिकडं वळल्या. कुणी फोन करून "चल नहीं रहा" म्हणालं की त्या शांतपणे विचारत, "नहीं चल रहा, तो फिर क्या कर रहा है?" मग जागेवर जात, दोन्ही हात पाठीमागं बांधून उभ्या राहत आणि म्हणत, "आधी करून दाखवा." हिंदी माणसालासुद्धा हे वाक्य त्या मराठीतच ऐकवत. बघितल्याशिवाय कळीला हात लावायचा नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा नेम.

एका वाचनालयात डिकॉस्टा नावाचे वयस्कर गृहस्थ पुस्तक घ्यायला आले की संगणक बंद पडायचा. ग्रंथपालाची खात्री झाली होती की म्हाताऱ्याचा पायगुण वाईट. त्यानं त्यांना मंगळवारी यायला बंदी केली, मग गुरुवारीही. चंद्रप्रभाबाईंनी हात पाठीमागं बांधून बघितलं. गृहस्थ आपलं नाव इंग्रजीत लिहिताना डी-नंतर वर एक टिंब द्यायचे, उलट्या स्वल्पविरामासारखं. त्या टिंबाशी येऊन प्रोग्रॅमला वाटायचं की नाव इथंच संपलं, आणि पुढचं काहीच न कळून तो कोसळायचा. दुरुस्ती दहा मिनिटांची होती. पण त्यांनी ग्रंथपालाला सांगितलं की डिकॉस्टा साहेबांची हात जोडून माफी मागितल्याशिवाय यंत्र सुरू होणार नाही. त्यानं मागितली. यंत्र सुरू झालं. तो ग्रंथपाल अजूनही त्यांना बघून उठून उभा राहतो.

तर अशा बाईंच्या वाट्याला त्या डिसेंबरात अमीनाबादचे नवरदेव आले.

अमीनाबादेत नफीसभाईंचं शेरवानी शिवायचं दुकान. एकवीस वर्षांपूर्वी चंद्रप्रभाबाईंनी त्यांना 'नाप' नावाचा प्रोग्रॅम लिहून दिला होता. गिऱ्हाइकाचं माप आणि कपडे द्यायची तारीख त्यात भरायची, की रोज सकाळी तारखेच्या क्रमानं पुढच्या कामांची यादी छापून निघायची. कारागीर ती यादी बघूनच कापड कापायचे. गेल्या वर्षी नफीसभाईंच्या सुनेनं, शगुफ्तानं, त्याला वेबसाइटची जोड दिली. गिऱ्हाइकानं घरबसल्या मोबाइलवर बघावं की आपले कपडे कुठवर आलेत. हे काम तिनं ऋषभ पिंपळखरेला दिलं. ऋषभ म्हणजे इंदिरा नगरातच दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या मंजिरीचा मुलगा. वडील हवाई दलातून निवृत्त झालेले, मुलगा मराठी समजणारा पण उत्तर हिंदीत देणारा.

चंद्रप्रभाबाईंना कुणी विचारलं नव्हतं. मंजिरीच्या घरी हळदीकुंकवाला त्या वर्षी त्या पाच मिनिटांत उठल्या.

दोन डिसेंबरला सकाळी नफीसभाईंचा फोन आला. लखनौत लग्नसराईला सहालग म्हणतात. ती अगदी भरात होती.

"बहनजी, क़यामत आ गई है. जल्दी आइए."

दुकानात अनीश श्रीवास्तव नावाचा नवरदेव मोबाइल नाचवत उभा होता. त्याचं लग्न सहा तारखेला, शेरवानी पाचला मिळायची होती. मोबाइलवर मजकूर होता, 'मुबारक हो! आपकी शेरवानी 12 मई से तैयार है. तशरीफ़ लाकर ले जाइए.'

"मई में तो मेरी मँगनी भी नहीं हुई थी!" अनीश ओरडत होता. "और यहाँ कह रहे हैं कपड़ा कटा ही नहीं!"

खरंच कापलं नव्हतं. मे महिना होऊन गेलेला, म्हणून ते काम पुढच्या कामांच्या यादीतून आपोआप गळलं होतं. चौकशी केल्यावर असे एकूण अकरा नवरदेव निघाले. सगळे डिसेंबरच्या पहिल्या अकरा दिवसांतले. काहींना तर माप देऊन घरी पोचायच्या आतच 'तैयार है' असा निरोप गेला होता. त्यांनी तो दुकानाचा उत्साह समजून सोडून दिला. नोव्हेंबरात शगुफ्तानं एकदा ऋषभला फोन केला होता. त्यानं वीस डिसेंबर तारीख घालून पाहिली, ती बरोबर दिसली, आणि म्हणाला, "मेरे यहाँ तो सही चल रहा है."

हे वाक्य कानावर पडताच चंद्रप्रभाबाईंच्या चेहऱ्यावर जी कळा आली, ती बघून हरिहर सोबत असता तर त्यानं त्यांना तिथूनच घरी नेलं असतं.

"'नाप' एकवीस वर्षं बिनबोभाट चालतोय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. तिथं बघण्यासारखं काही नव्हतंच. दोष त्या वेबसाइटचा, यादीही तिच्यामुळंच बिघडली असणार. आता ऋषभला तो असा दाखवायचा की पोरगा जन्मात 'मेरे यहाँ' म्हणणार नाही.

त्या गल्ल्यावर बसल्या आणि नवं गिऱ्हाईक नोंदवलं. नाव, ऋषभ पिंपळखरे. कपडा, लग्नाची शेरवानी. द्यायची तारीख, पाच डिसेंबर. मोबाइल, ऋषभचा. त्याखाली घरचा नंबर मागणारा एक रकाना होता, कारण लग्नाच्या धांदलीत नवरदेव फोन उचलत नाहीत. चंद्रप्रभाबाईंनी क्षणभर विचार केला. मग त्यात मंजिरीचा नंबर टाकला.

"बहनजी, ये किसका है?" नफीसभाईंनी विचारलं.

"मुलाच्या आईचा," त्या म्हणाल्या आणि चहा मागवला.

चहा यायच्या आत फोन वाजला. मंजिरीचा आवाज चिरका झाला होता. "चंद्रप्रभा, तू अमीनाबादला त्या शेरवानीवाल्याकडं कामं करतेस ना? आमच्या ऋषभची शेरवानी मे महिन्यापासून तयार आहे म्हणे! मे महिन्यापासून! आईला कोण सांगतंय, तर शिंपी!"

"अगं, असेल काही गडबड," चंद्रप्रभाबाई जमेल तितक्या गंभीरपणे म्हणाल्या. "तू असं कर, त्याला घेऊन इथंच ये."

पाऊण तासात ई-रिक्षातून मायलेक उतरले. ऋषभला तिनं ऑफिसातून उचललं होतं. रिक्षातच उलटतपासणी सुरू असावी, कारण दुकानाची पायरी चढताना तो काकुळतीला आला होता.

"आई, प्लीज! चेतना के घर में अभी किसी को पता नहीं है. शेरवानी कहाँ से आ गई?"

मंजिरी पायरीवरच थांबली.

"कोण चेतना?"

दुकानातला शिवणयंत्रांचा आवाज एकेक करून बंद झाला. ऋषभनं मोबाइलकडं पाहिलं, नफीसभाईंकडं पाहिलं, आणि शेवटी कोपऱ्यात पदर तोंडाशी धरून बसलेल्या चंद्रप्रभाबाईंकडं पाहिलं. त्याला सगळं कळलं.

"काकू," तो म्हणाला, "ये आपने किया."

"मी फक्त तारीख घातली रे," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "पाच डिसेंबर. बारा मे तुझ्या वेबसाइटनं केली. तुझ्याकडं सगळं बरोबर चालतं ना?" हसू आवरणं त्यांना अशक्य झालं. अनीश श्रीवास्तवसुद्धा आपलं दुःख विसरून बघत होता.

ऋषभ चिडला नाही, हे त्यांना खटकलं. त्यानं लॅपटॉप काढला, काउंटरवर ठेवला आणि त्यांच्यासमोर फिरवला. 'नाप' दर दहा मिनिटांनी एक फाइल वेबसाइटकडं पाठवायचा. त्या फाइलमध्ये ऋषभ पिंपळखरेच्या नावापुढं स्वच्छ लिहिलेलं होतं, बारा मे.

"मैं तो वही दिखा रहा हूँ जो आपका प्रोग्राम भेजता है."

"शक्य नाही."

ऋषभनं दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि अगदी शुद्ध मराठीत म्हणाला, "आधी करून दाखवा."

चंद्रप्रभाबाईंनी तारखेच्या चौकटीत आकडे टाइप केले. आधी पाच, मग बारा. नोंद जतन केली, बंद केली, पुन्हा उघडली. बारा मे. त्यांनी तेरा आणि बारा टाइप केलं. तेरा डिसेंबर, बरोबर. बारा आणि बारा. तेही बरोबर. अकरा आणि बारा. बारा नोव्हेंबर.

त्यांचे हात थांबले.

"नफीसभाई, ये कंप्यूटर नया है?"

"जी. दिवाली के बाद लिया. पुराना धुआँ देने लगा था."

नव्या संगणकात तारखेची मांडणी अमेरिकी पद्धतीची होती. तिकडं आधी महिना लिहितात, मग दिवस. पाच-बारा म्हटलं की तो पाचवा महिना धरायचा. तेरा-बारा म्हटलं की तेरावा महिना कुठून आणणार, म्हणून निमूटपणे उलटं वाचून आपल्यासारखं करायचा, आणि चूक झाकली जायची. पण संगणकाच्या या लहरीवर प्रोग्रॅमनं विसंबायचंच कशाला? चंद्रप्रभाबाईंनी पिशवीतून आपला लॅपटॉप काढला आणि 'नाप'चं मूळ लिखाण उघडलं. तारखेच्या ओळीवर त्यांनीच एकवीस वर्षांपूर्वी स्वतःसाठी शेरा लिहून ठेवला होता, 'तारीख कशी वाचायची ते संगणक बघून घेईल.'

तरण्या पोराचा असता, तर या शेऱ्यावर त्यांनी महिनाभर लोकांना हसवलं असतं.

सुटायला वाट होती. नफीसभाईंना यातलं काही कळलेलं नव्हतं. 'नया कंप्यूटर ख़राब है' एवढं म्हटलं असतं तर त्यांनी दुकानदाराला शिव्या घालून विषय संपवला असता. ते वाक्य चंद्रप्रभाबाईंच्या ओठापर्यंत आलं होतं. ऋषभ नुसता बघत होता.

"ग़लती मेरी है," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "कंप्यूटरची नाही, ऋषभचीही नाही. माझी. एकवीस वर्षांपूर्वीची."

नफीसभाईंनी दाढीवरून हात फिरवला. "तो इतने बरस अटकी कहाँ थी?"

"वाट बघत होती," ऋषभ मराठीतच म्हणाला.

दुरुस्ती अर्ध्या तासात झाली. तारखेची एक चौकट काढून तीन केल्या, दिवस, महिना, वर्ष, आणि महिना आकड्यानं नव्हे तर नावानं निवडायचा. ऋषभनं ओळ न ओळ तपासली आणि दोन ठिकाणी त्यांना बदल करायला लावला. त्यांनी केला. पण आधी बिघडलेल्या नोंदींचं काय? दर महिन्याच्या बारा तारखेवरच्या खऱ्या नोंदी किती आणि डिसेंबरातून उलटून आलेल्या किती, हे नुसतं बघून कळेना. सुदैवानं प्रत्येक कापडाच्या गठ्ठ्याला हातानं लिहिलेली चिठ्ठी टाचलेली असायची. मंजिरी, ऋषभ आणि चंद्रप्रभाबाई जमिनीवर बसले आणि गठ्ठे सोडू लागले.

"चाळीस नंबर, मरून रेशीम, आठ डिसेंबर," मंजिरी वाचायची. "आणि ती चेतना कुठली?"

"गोरखपुर की."

"एकेचाळीस, बदामी, तेरा डिसेंबर, ही ठीक आहे. पोळी खाते का भातच?"

"आई, सब खाती है!"

"बेचाळीस. घरी कधी आणतोयस?"

चंद्रप्रभाबाई मान खाली घालून लिहीत होत्या. या घटकेला तरी मंजिरीशी डोळा मिळवण्यात अर्थ नव्हता.

संध्याकाळपर्यंत खरी यादी तयार झाली. नफीसभाईंनी ती त्यांच्याच हातात दिली. "इन सबको फ़ोन आप कीजिए, बहनजी. आपसे कोई झगड़ेगा नहीं." झगडले. घरून फोन करताना एका नवरदेवाच्या मेव्हण्यानं तर त्यांना असं काही ऐकवलं की हरिहरनं पलीकडच्या खोलीतून येऊन फोनचा आवाज कमी केला. अकराच्या अकरा जणांना त्यांनी एकच वाक्य सांगितलं, की चूक दुकानाची नाही, प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाईची आहे आणि ती बाई मीच.

कारागीर दोन दिवस यंत्रावरून उठले नाहीत. अनीश श्रीवास्तवची शेरवानी पाच तारखेला दुपारी गेली, शेवटचं बटण लावायला एक कारागीर गाडीतूनच सोबत गेला. बाकीचेही निभावले. एक मात्र नाही निभावला. निरंजन चतुर्वेदीचं लग्न तीन तारखेला होतं. त्याला ऐन वेळी तयार शेरवानी घ्यावी लागली, बाह्या चांगल्या चार बोटं तोकड्या. लग्नाच्या सगळ्या फोटोंत तो हात पाठीमागं बांधून उभा आहे.

आठवड्यानं चंद्रप्रभाबाई मिठाईचा डबा घेऊन त्याच्या घरी गेल्या. नवरा-नवरी बाहेर गेले होते. घरात निरंजनची आजी होती. तिनं बाईंना बसवलं, त्यांच्याच डब्यातले लाडू त्यांच्याच पुढं ठेवले आणि म्हणाली, काय झालं ते नीट सांग. चंद्रप्रभाबाईंनी सांगितलं. पाच-बारा म्हणजे काय, तेरा-बारा म्हणजे काय, अमेरिकेत आधी महिना कसा लिहितात, बारा तारखेनंतर चूक आपोआप कशी लपते. इतकं सविस्तर त्यांनी कधी कुणा इंजिनिअरलाही समजावलं नव्हतं. म्हातारी डोळे बारीक करून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

मग तिनं काळजीनं विचारलं, "तो बेटी, उन अमरीका वालों की बारातें सही दिन पहुँचती कैसे हैं?"

चंद्रप्रभाबाईंनी खूप विचार केला. मग त्यांनी एक लाडू उचलला.