आईच्या आईच्या आईचं नाव

मित्रांनो, आज फार थकलो आहे, तरी लिहून राहिलो.

दुपारी माझ्या डीएनए चाचणीचा रिपोर्ट आला. आईकडून लेकरांत उतरत जाणारी माझी शाखा 'एम' निघाली. हजारो वर्षांपूर्वीच्या कुण्या एका बाईपासून सुरू झालेली आणि भारतापासून पार जपानपर्यंत पसरलेली.

ऑफिसातूनच मदन महल भागात राहणाऱ्या मामांना फोन लावला. आजोळची वंशावळ त्यांच्याकडे आहे.

"मामा, आजीच्या आईचं नाव काय होतं?"

"तिला सगळे जिजी म्हणत. काहून रे?"

"वंशावळीत पाहा न."

"त्यात बायका कुठं असतात, भैया!"

घरी आलो तर आई मटार सोलून राहिली होती. जिजीचं नाव तिलाही माहीत नव्हतं. मी वैतागून म्हटलं, "तुझं तरी सुनंदाच होतं न?"

"नाही रे, कुसुम. लग्नात तुझ्या बाबांनी ताटातल्या तांदळांत सुनंदा लिहिलं. मामा तर ताईच म्हणतात. कुसुम म्हणणारं आता कोणी राहिलं नाही."

मी पंचेचाळीस वर्षांचा आहे आणि हे मला आज कळलं.

तुम्हाला तुमच्या आईचं पहिलं नाव माहीत आहे का? मला आता माहीत आहे. पण आईला नावानं हाक कशी मारायची, सांगा.