मागच्या सीटवरचा कागद

अण्णांनी गाडीचं मागचं दार उघडलं. डिकीतून जुनं वर्तमानपत्र काढलं. सीटवर पसरलं, दुमडलेल्या कडा हाताने सरळ केल्या. मग मला म्हणाले, "हां, बस आता."

सकाळचे नऊ. पावस गावचा एस्टी स्टॅण्ड. माझ्या अंगावर इस्त्रीची पांढरी साडी, केसात अबोली. पुढच्या सीटवर आमच्या कचेरीतल्या कुंदाताई. त्या काचेतून समोर बघत राहिल्या.

मी बसले.

हे आधी सांगायला हवं. मी बसले. त्या दिवशी बसले आणि पुढचे सात महिने रोज बसले.

मी पूर्णगडची. खारव्याची मुलगी. बाप होडीवर गेला तो तिकडेच गेला, आईने मासळी विकून आम्हा दोघा भावंडांना वाढवलं. परीक्षा देऊन मी रत्नागिरीत सरकारी कचेरीत कारकून लागले. दोन हजार चार-पाचचा सुमार. आमच्याकडून सुटणारी एस्टी कधी वेळेवर, कधी नाहीच. सव्वादहाला हजेरीचं मस्टर साहेबांच्या टेबलावर जायचं. तीन लेट मार्क झाले की एक रजा गेली. अण्णा आमचे हेडक्लार्क, पावसला राहायचे, आंब्याच्या कलमांची मोठी बाग. तेच म्हणाले, "पावसपर्यंत शेअर रिक्षाने ये, पुढे माझ्या गाडीतून चल." पेट्रोलचा वाटा मी दर महिन्याला देत होते. कुंदाताईही देत होत्या. कागद फक्त माझ्या खाली.

पहिल्याच दिवशी शाई साडीला लागली. दुपारी एका बाईने सांगितलं, मागे काळं झालंय. नळाखाली धुवायला गेले तर आणखी पसरलं. उरलेला दिवस मी खुर्चीवरून उठले नाही.

घरी आईने साडी हातात घेतली. "कसला डाग गो ह्यो?"

मी सांगितलं. ती साबण लावत राहिली. मग म्हणाली, "असू दे बाय. माणसं चांगली हायत. रोज नेतात तरी."

मला अण्णांपेक्षा तिचा राग आला. रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी गडद साडी नेसले आणि पुन्हा त्याच कागदावर जाऊन बसले. याची लाज मला अजून वाटते.

मग एक दिवस अण्णांचे पाहुणे होते गाडीत, पुण्याचे. ते माझ्याशेजारी मागे बसले. त्यांच्या खाली काही नव्हतं. त्यांनी माझ्या खालच्या कागदाकडे बघितलं. अण्णांनी आरशातून ते पाहिलं आणि हसत म्हणाले, "हिची आई मच्छी विकते. वास धरतो गाडीला, म्हणून कागद. बाकी मुलगी कामाला चोख आहे हो."

गाडी गोळपच्या सड्यावर होती. दोन्हीकडे उघडा कातळ.

"अण्णा, गाडी थांबवा."

"का गो? काय झालं?"

"थांबवा."

उतरले. दार लावलं. गाडी थोडा वेळ उभी राहिली, मग गेली. मी सड्यावरून चालत पुढच्या थांब्यावर गेले. त्या दिवशी लेट मार्क पडला. पडू दे म्हटलं.

त्याच आठवड्यात ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. लायसन्स मिळालं. आणि गाडी शोधायला लागले. नवीच घ्यायची, लहान, पगारात बसेल अशी. वहीत लिहून ठेवायची. आमच्या घराकडचा चढ चढेल का. चिऱ्याच्या रस्त्यावर पोट घासेल का. खाऱ्या वाऱ्याने पत्रा किती वर्षांत गंजतो. पार्ट रत्नागिरीत मिळतात की कोल्हापूर गाठावं लागतं. पेट्रोल पंपावर भरायला येणाऱ्यांना विचारायची, लिटरला किती देते. काही जण सांगायचे. काही जण विचारायचे, "कोणासाठी?"

एस्टी स्टॅण्डजवळच्या मेकॅनिककडे गेले. त्याने हात पुसले आणि म्हणाला, "बाई, जी गाडी माझ्याकडं सारखी येत नाय, ती घ्या." मग दोन नावं सांगितली. त्यातली स्वस्त ती मी ठरवली. आठशे सीसी, चार दारं, एसी नाही.

कचेरीत बातमी फुटली. अण्णा टेबलापाशी आले. "नवी कशाला घेतेस? माझी घे. मी मोठी घेतोय. तुला काय, चार दिवसांत वासच मारणार तिला."

आजूबाजूचे हसले. कुंदाताईसुद्धा. मी म्हटलं, "तुमची नको." एवढंच निघालं तोंडातून.

शोरूमला धाकट्या भावाला घेऊन गेले. तो खलाशी, सुट्टीवर होता. सेल्समनने माहितीचं पुस्तक त्याच्या हातात दिलं. खुर्ची त्याला दिली. मी मायलेज विचारलं, उत्तर त्याला दिलं. मी विचारलं, गंज लागू नये म्हणून खालून कोटिंग करून देता का. त्याने भावाला सांगितलं, "करून देतो दादा." शेवटी चावी पुढे केली, तीही त्यालाच. "दादा, एक राउंड मारून बघा."

भाऊ म्हणाला, "माका सायकल पण सरळ येत नाय. गाडी तिची हाय. तिला इचारा."

सेल्समन माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, मिस्टरांना घेऊन आलात तर बरं पडेल."

"कर्ज माझ्या पगारावर आहे. लायसन्स माझं आहे. चावी द्या."

दिली. भाट्याच्या पुलापर्यंत नेऊन आणली. गाडी एकदाही बंद पडली नाही. तीच घेतली.

पहिल्या दिवशी कचेरीत पोचले. आवारात कर्मचाऱ्यांच्या गाड्यांसाठी पत्र्याची शेड आहे. एक जागा मोकळी होती, तिथे लावली. शिपाई धावत आला. "बाई, इथं अण्णांची गाडी लागते." मागोमाग अण्णा आलेच, नव्या मोठ्या गाडीतून. काच खाली करून म्हणाले, "अगो, तिकडे गेटबाहेर लाव की. तुझी लहान आहे."

"शेड कर्मचाऱ्यांची आहे. मी कर्मचारी आहे."

"ही माझी जागा आहे. सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग लेखी द्या. साहेबांच्या सहीने. मी काढते."

त्यांनी गाडी रिव्हर्सला टाकली. या कचेरीत पंधरा वर्षं कागद काढलेला माणूस. असा कागद निघू शकत नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

मी गाडी लॉक केली आणि मस्टरवर सही करायला गेले. त्यानंतर कोणी मला सरकून बसायला, बाहेर थांबायला, मागे उभं राहायला सांगितलं की मी भांडत नाही. रडत तर नाहीच. कारण मागते. तेही लेखी.