टांगायला लिंबू मिळणार नाही

लिंबू टांगणाऱ्या माणसांबद्दल मला आजही प्रेम नाही. कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे.

भांडुपला डोंगराच्या उतारावर आमची बैठी चाळ होती आणि आमच्या दारात, तेलाच्या रिकाम्या पिंपात, एक लिंबोणी होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिचं कलम गावाहून एस.टी.त मांडीवर धरून आणलेलं. पिंपात आधी पेंढा जाळून तेलाचा वास घालवला, तळाला छिन्नीने भोकं पाडली, खाली विटांचे तुकडे, वर लाल माती आणि तबेल्यातलं शेणखत. कारखान्यातून दमून आले तरी आबा आधी झाडाकडे बघायचे, मग आमच्याकडे. नळाला तासभर पाणी यायचं, म्हणून झाडाच्या वाट्याला आईचं तांदळाचं धुवण. अळ्या वेचायचं काम माझं. लिंबोणीवरची अळी लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. नीट बघणाऱ्यालाच सापडते. हात काट्यांनी ओरबाडलेले असायचे. कॉलेजातल्या मुली विचारायच्या, "काय गं, मांजर पाळलंस का?"

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बी.एस्सी.ला होते, विषय वनस्पतिशास्त्र. आमच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. एकदा आबांना झाडाचं लॅटिन नाव सांगितलं. ते म्हणाले, "त्या नावानं हाक मारलीस तर ओ देतं का?"

शेजारच्या खोलीतले काका रिक्षा चालवायचे. काका म्हणायचं ते तोंडदेखलं. आम्ही बौद्ध, हे त्यांना पहिल्या दिवशी कळलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरातलं शिजलेलं काही त्यांच्या घरात गेलं नाही. आईने दिवाळीला दिलेली चकलीची बशी काकूंनी "ठेवा, नंतर नेते" म्हणून तिथेच ठेवली. ते 'नंतर' कधी आलंच नाही. पण तिसऱ्या वर्षी झाडाला लिंबं लागली तशी दर शुक्रवारी संध्याकाळी काकांची हाक यायला लागली, "एक लिंबू द्या हो. रसरशीत बघून द्या."

आबा द्यायचे. शेजाऱ्याने लिंबू मागितलं, दिलं. त्यात विचारायचं काय? मग एका शनिवारी सकाळी त्यांना ते रिक्षाच्या पुढे लटकलेलं दिसलं. खाली सात मिरच्या, काळा दोरा.

माझ्या आजोबांनी गावात दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव, गंडे, ताईत सगळं बाहेर काढलं होतं. त्या घरचा मुलगा गावाहून झाड आणतो, आणि त्याचं लिंबू नजर उतरवायला जातं! पुढच्या शुक्रवारी काका आले तेव्हा आबा झाडाखालीच बसले होते.

"सरबताला दहा न्या, लोणच्याला टोपलीभर न्या," आबा म्हणाले. "टांगायला लिंबू मिळणार नाही."

"लिंबू ते लिंबू. तुम्हाला काय करायचंय?"

"माझ्या झाडाचं लिंबू माणसाच्या पोटात जाईल. गाडीला नाही."

काका गेले. दोन आठवड्यांत रिक्षा कुठल्याशा टेम्पोला घासली, आणि त्याचं खापर आमच्या झाडावर फुटलं. दारात काटेरी झाड म्हणजे घराघरांत भांडणं, असं काकांनी चाळभर सांगितलं. चाळ कमिटीकडे अर्ज दिला: पिंप हटवा. हटवा म्हणजे कुठे? आमच्याकडे दुसरी जमीनच नव्हती. पिंप दारातून गेलं तर झाड गेलं. आबा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

रविवारी सकाळी कमिटीचे तिघे आमच्या दारात खुर्च्या टाकून बसले. काका उभे.

"काटेरी झाड आलं की भांडण आलंच," काका म्हणाले.

मी म्हटलं, "काका, भांडण झाडाने नाही केलं. अर्ज तुम्ही लिहिलात, लिंबोणीने नाही."

"बघा, बघा! चार बुकं शिकली तर तोंड केवढं!"

"चार नाही, जास्त. आणि तुमच्या अर्जात शुद्धलेखनाच्या चुका आहेत."

"ए, गप बस गं," आई आतून ओरडली. सेक्रेटरी खाली बघून हसले.

आबा तेवढ्यात उठले. बारा लिंबं तोडली आणि आईला म्हणाले, "सगळ्यांना सरबत कर." मग कमिटीकडे वळून शांतपणे, "जो या झाडाचं सरबत पिईल, त्यानं झाडाबद्दल बोलावं. तो म्हणेल ते मला मान्य."

त्या तिघांपैकी कोण आमच्या घरचं पाणी पितं, मला माहीत नव्हतं. आबांनाही नव्हतं.

सेक्रेटरींनी ग्लास घेतला आणि एका दमात संपवला. दुसऱ्याने घेतला. तिसऱ्याने ग्लासाकडे बघितलं, सेक्रेटरींकडे बघितलं, आणि डोळे मिटून औषध घ्यावं तसा प्याला. प्याला, एवढं पुरे. चौथा ग्लास मी काकांसमोर धरला.

"माझा उपास आहे."

"काका, तुमच्या घरातून मटणाचा वास येतोय."

मघाचे तिसरे गृहस्थ सगळ्यांत मोठ्याने हसले. काका चप्पल घालून निघून गेले. सेक्रेटरी म्हणाले, "झाड राहील. फांद्या तेवढ्या छाटत जा." चौथा ग्लास मीच प्याले.

गोष्ट इथे संपली असती तर काका शहाणे म्हणायचे. पुढच्या शनिवारी त्यांच्या रिक्षाला लिंबू होतंच. आमच्या झाडाचं. टोकाला बोंड असलेलं, पातळ सालीचं. मी रोज अळ्या वेचते, मला माझं लिंबू कळणार नाही? आदल्या दिवशी ते आमच्या वरच्या फांदीला होतं आणि आता तिथे नुसता देठ होता.

काका दात घासत होते. त्यांच्यादेखत मी दोरा तोडला. सातही मिरच्या मोजून त्यांच्या सीटवर ठेवल्या. त्या त्यांच्या होत्या.

"अगं ए! उतरवलेलं आहे ते! हात नको लावूस!" तोंडात फेस घेऊन काका ओरडले.

लिंबू घरी आणून धुतलं, कापलं. दोरा ओवल्याचं भोक आरपार होतं. आईने विचारलं, "हे खाणार तू?"

"आपल्या झाडाचं आहे," मी म्हटलं आणि अर्धं आबांच्या वरणावर पिळलं, अर्धं माझ्या.

आबांनी भात कालवला, पहिला घास घेतला आणि म्हणाले, "दोन दिवस लवकर तोडलंय. अजून रस भरला असता."