पाटावरून उठवलेली सून

आमच्या सासूबाईंच्या जिभेला हाड नाही, हे चारठाण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पहिली दोन वर्षं माझं नि त्यांचं मुळीच जमलं नाही. पण माझ्या डोहाळजेवणापासून त्यांच्याविरुद्ध कोणी चकार शब्द काढला, की मीच पदर खोचून भांडायला उठते.

त्या दिवशी अंगणात बाया जमल्या होत्या. मला हिरवी साडी नेसवून पाटावर बसवलं होतं आणि कासारीण चुडा भरत होती. नेहमीच्या मापाच्या बांगड्या मुठीवरून सरकेचनात. तेल लावलं, तरी नाही. बाया हसल्या.

"तोंडबी कसं भरलंय," आत्यासासूबाई म्हणाल्या, "लय चांगलं लक्षण हाय!"

मीही हसले. सकाळपासून डोकं ठणकत होतं, त्याचं खापर मी चुलीच्या धुरावर फोडलं होतं.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो लवकर भरेना.

"डोकं दुखायलंय का? डोळ्यापुढं अंधारी?"

मी होकारार्थी मान डोलावली.

"ऊठ. जिंतूरला जायचंय."

एकच कालवा झाला. ओटी भरायच्या आधी गर्भारशीला पाटावरून उठवायचं म्हणजे केवढा अपशकुन! आत्यासासूबाई आडव्याच आल्या. "ओटी तरी भरू द्या, वैनी."

"माझी जाऊ अशीच सुजली होती," सासूबाई कडाडल्या. "आमी समद्या तब्येत सुधारली म्हणून हसलो. मग झटके आले, अन् माय-लेकरू दोन्ही गेलं. जित्या बाईची ओटी कवाबी भरता येती. सरका!"

जिंतूरच्या दवाखान्यात बीपी बघताच डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. इंजेक्शन देऊन त्यांनी मला लगेच अँब्युलन्सनं परभणीला पाठवलं. तिथं मी कितीतरी दिवस पडून होते, आणि सासूबाई खाटेजवळ. शेजारच्या गर्भारशींच्याही नडग्या त्या न विचारता दाबून बघायच्या. नर्स वैतागायची, पण मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

बाळंतपण वेळेआधीच करावं लागलं. नंतरचं मला नर्सनंच सांगितलं. तिनं बाहेर जाऊन "मुलगी झाली" म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "माझी सून कशी हाय?"

"बरी आहे. पण आजी, बाळाचं नाही विचारलं?"

"लेकराचं इच्यारायला समदं गाव येईल. हिचं कोण इच्यारतंय?"