छातीतली भोकं

ऑफिसात खुर्चीवरून उठले आणि उजव्या बरगडीखाली कळ आली. श्वास अर्धाही आत जाईना. सोबतच्यांनी दवाखान्यात नेलं. उजवं फुफ्फुस फाटून आत बसलं होतं. छातीत नळी घातली, तोवर तारनाक्याच्या घरून बाबा आले. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

स्कॅन बघून डॉक्टरांनी विचारलं, "सिगरेट पीते क्या?"

"मैं पीता हूँ साब, बच्ची नहीं," बाबा म्हणाले.

मी छताकडे बघत म्हटलं, "पीती हूँ. बारा साल से."

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

रोगाचं नाव लांबलचक होतं. फार थोड्यांना होतो, आणि तेही बहुतेक ओढणाऱ्यांनाच. दोन्ही फुफ्फुसांत बारीक गाठी आणि भोकं. डॉक्टर म्हणाले, औषधाचं नंतर बघू, आधी सिगारेट बंद. काहींचा रोग तिथंच थांबतो, कधी मागंही हटतो. खात्री मात्र नाही.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "पहिली कुठं ओढलीस?"

खोटं बोलता आलं असतं.

"गच्चीवर. तुमच्या पाकिटातली."

ते चपला घालून निघून गेले. संध्याकाळी परतले ते सिगारेट सोडूनच. चाळीस वर्षं ओढूनही त्यांच्या फुफ्फुसांना काही झालं नव्हतं. याचा मला राग यायचा. मीही सोडली होती; पहिले दोन महिने भांडी आपटत, त्यांच्यावर ओरडत काढले. एकदा तर सिगारेट घ्यायला रस्त्यावरच्या पानडब्ब्यासमोर जाऊन उभी राहिले. बाबा मागून आले. त्यांचीही नजर पाकिटांवर गेली.

"चल," एवढंच म्हणाले.

वर्षानं पुन्हा स्कॅन केला. गाठी बऱ्याचशा विरल्या होत्या, नवीन काही नव्हतं. मला रडूच आलं. बाबांनी डॉक्टरांना विचारलं, "और वो सुराख? भरेंगे नहीं?"

"नहीं. जो गया, सो गया."

त्यानंतर बाबा फारसं बोलेनासे झाले. मी कितीदा सांगितलं, तुम्ही हातात दिली नव्हती, मीच चोरली. ते मान हलवतात, पेपर उचलतात.

परवा गावी जायला निघालो. नामपल्ली स्टेशनच्या पुलावर चढताना मी दम लागून अर्ध्या जिन्यात थांबले, कठड्याला धरून. लोक वैतागून बाजूनं चढत होते. बाबा दोन पायऱ्या खाली दोन्ही बॅगा घेऊन उभे राहिले.

"घाई नाही," म्हणाले.

खाली आमची गाडी लागलेली होती.