समुद्रावर मालक

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी जरा मोठ्यानंच सांगते. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बाईच्या पोरीनं चित्रकलेची पदवी घेतली तेव्हा नातेवाईक आधी पोटभर हसले, मग आईला म्हणाले, "पेंटर झाली की गं पोरगी. दुकानाच्या पाट्या रंगवती का?" आई सुपातली पानं कातरत म्हणाली, "रंगवंल की. तुमची फुकट रंगवून दील."

पुण्यात शिकताना मी एका चित्राची प्रत छापून घेतली होती. एका फ्रेंच चित्रकाराचं समुद्रकिनाऱ्याचं चित्र. देव नाहीत, पऱ्या नाहीत; डोळ्यांना दिसलं तेवढंच रंगवणारा माणूस. वर नुसतं आभाळ, खाली समुद्राचा पट्टा, आणि डाव्या कोपऱ्यात खडकावर एक चिमुकला माणूस. हातातली टोपी उंच धरून तो समुद्राला सलाम करतोय. बस्स, एवढंच. जाड सुती कागदावर छापलेली ती प्रत इतकी चांगली होती की ब्रशचा फटकारा न् फटकारा दिसायचा.

आई सूप मांडीवर घेऊन बराच वेळ बघत बसली.

"येवढं पाणी आणि माणूस येकच? हात कुणाला करतोय ह्यो?"

"समुद्राला."

"समुद्र काय बगतोय व्हय त्याच्याकडं?"

"नाही."

"मग येडाच हाय." असं म्हणून तिनंच खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं आणि तिथं चित्र टांगलं.

मी तेव्हा एका खाजगी शाळेत चित्रकला शिकवत होते. कंत्राटी. दर उन्हाळ्यात घरी बसायचं आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतात का याची वाट बघायची. संस्थेच्या अध्यक्षांना सगळे 'मालक' म्हणत. त्या वर्षी मालकांच्या वाढदिवसाला नव्या चित्रकला दालनाचं उद्घाटन ठरलं. हेडसर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, मालक स्टेजवरच तुम्हाला कायमची ऑर्डर देणार आहेत. आईला घेऊन या. आणि समोरच्या भिंतीवर काहीतरी भारी लावा."

भारी म्हणजे माझ्याकडे एकच होतं. आख्ख्या भिंतीएवढा समुद्र लावायचा ठरवला. पुण्याहून छापून आणते म्हटलं, तर हेडसर म्हणाले, आपला फ्लेक्सवाला काय मेला काय? मग मी फाईल घेऊन त्याच्याकडे गेले. चित्र कापायचं नाही, रंगाला हात लावायचा नाही, सगळं नीट बजावलं. तोंडात मावा असल्यामुळे त्यानं नुसती मान हलवली. चित्रात भर घालू नकोस, हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. कुणाच्या येईल?

फ्लेक्स आदल्या संध्याकाळी लागला आणि वर लगेच पडदा टाकला गेला. मी मैदानात पोरांची रांगोळी बघत होते. दुसऱ्या दिवशी मालकांनी दोरी ओढली.

आभाळात मालक होते. गॉगल घातलेले, हात जोडलेले, ढगांपेक्षा मोठे. त्यांच्या डोक्यावर 'वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा'. लाटांवर गोल गोल चौकटींत संचालक मंडळ तरंगत होतं. आणि डाव्या कोपऱ्यात तो चिमुकला माणूस, टोपी वर धरून.

मी नंतर फ्लेक्सवाल्याशी भांडायला गेले. तो प्रामाणिकपणे गोंधळला. "मॅडम, शाळेतनं मालकांचा फोटो पण आला हुता की. आणि वर येवढी जागा मोकळी. मोकळी जागा कोन सोडतंय?" त्याच्या दुकानात डोंगर, धबधबा, किल्ला काहीही आलं, तरी ते कुणाच्या तरी मागं लावायलाच यायचं. नुसतं चित्र म्हणून चित्र कुणी आणलंच नव्हतं.

पण ते नंतरचं. तिथं, त्या क्षणी, मालक चित्राजवळ गेले आणि त्यांनी त्या माणसावर बोट ठेवलं. "हा कोण?"

"फ्रान्सचा आहे मालक," हेडसर म्हणाले. "तुम्हाला सलाम करतोय."

टाळ्या पडल्या. मालक खूश होऊन माझ्याकडे वळले. "काय बाई, फ्रान्समध्येसुद्धा आम्हाला मानतात म्हणायचं?"

"नाही मालक," मी म्हणाले. "तो समुद्राला टोपी काढतोय. तुम्ही मागनं आलात."

मागच्या बाकावर एक पोरगी फिस्सकन हसली.

मालक हसत होते. "शिकल्यात बाई. आई काय करते यांची?"

"विड्या वळते," हेडसर म्हणाले.

"आलीय ना? या मावशी, वर या. एवढं शिकवलंत, बोलायचं तेवढं शिकवायचं राहिलं बघा." आई पदर सावरत वर आली. लग्नातली साडी नेसली होती. मालकांनी तिला चित्रासमोर उभं केलं. "तुम्हीच सांगा आता. कुणाला सलाम करतोय हा?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग हेडसरांच्या हातातल्या माझ्या ऑर्डरीकडे.

"तुमाला की मालक. हितं दुसरं कोन हाय?"

दालन टाळ्यांनी दणाणलं. मालकांनी स्वतःच्या गळ्यातली शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली. मग हेडसरांना म्हणाले, "बाईंचं राहू द्या. ह्यांना घ्या. झाडलोटीला बाई पाहिजेच आहे आपल्याला."

वाटलं, आई शाल फेकून खाली उतरेल. तिनं शाल नीट केली आणि माईक समोरच होता, त्यात विचारलं, "कायम का मालक?"

"कायम!"

पोरं शिट्ट्या मारत होती.

घरी आल्यावर मी जेवायला उठले नाही. तिनंच ताट पुढं सरकवलं. "तुझ्या ऑर्डरीसाटी बोलले मी. तू खरं बोललीस, तुझी गेली. मी खोटं बोलले, मला लागली. आता जेव."

आता ती रोज सकाळी शाळेत जाते आणि मी घरी शिकवण्या घेते. सूप माळ्यावर गेलं. दर वाढदिवसाला आभाळात मालकांचा नवा फोटो डकवतात. दर शनिवारी आई ओल्या फडक्यानं आख्खा समुद्र पुसते.

परवा आल्या आल्या म्हणाली, "नवी बाई पोरांना सांगत हुती, ह्यो मानूस मालकांना सलाम करतोय म्हून. मी हुते तितंच, फडकं घिऊन."

"तुला बोलावंसं नाही वाटलं?"

"वाटलं की," पाय धुता धुता ती म्हणाली. "पन मी कायम हाय."